उचकी

रात्री दोन वाजून दहा. डार्वेन.
वॉलपेपरच्या कारखान्यातली तिसरी लाइन बंद.
रोलवरची वेल मध्येच थांबलीये,
पानांना हिरवा लागलाय,
फुलं तांबड्याची वाट बघतायत.

एन्टविसल म्हणतो, "गेला. अठ्ठ्याण्णवचा ड्राइव्ह,
पुरणार तरी किती."
मी पॅनेलचं दार उघडून कान लावते.
गेलेला नाहीये.
टिक.
हिरवा दिवा, डोळा लवेपर्यंत. अंधार.
टिक.
म्हणजे आतला सप्लाय उठू बघतोय
आणि कुणीतरी त्याचा पाय ओढतंय.
इंग्रजी मॅन्युअलात याला उचकीच म्हटलंय.
कुणी म्हटलं असेल, त्याचे आभार.

आधी मोठी वीज बघते. तिन्ही फेज जागेवर.
डीसी बस पाचशे ऐंशी.
कोठार भरलेलं
आणि ताटात चोवीस व्होल्ट नाहीत:
चार, अकरा, तीन, पुन्हा चार.

मेन स्विच खाली. कुलूप. किल्ली माझ्या खिशात.
पिवळ्या त्रिकोणाखाली लिहिलंय, पाच मिनिटं थांबा.
या बसला खाली बसायला वेळ लागतो.
पाचशे. दोनशे नव्वद. एकशे दहा.

"आमच्याकडे उचकी लागली," मी सांगते,
"की कुणीतरी आठवण काढतंय असं समजतात.
एकेक नाव घ्यायचं. बरोबर नाव आलं की थांबते."
तो फ्लास्कच्या झाकणातला चहा फुंकतो.
"आमच्याकडे पेल्याच्या पलीकडच्या काठानं पाणी पितात."
मग ड्राइव्हकडे बघून,
"याची कोण आठवण काढणार, रूज?
बनवणारी कंपनीसुद्धा बुडाली."
(ऋजुता त्याला सहा वर्षांत जमलेलं नाही.)

चाळीस. नऊ. आता हात घालता येईल.

मी नावं घ्यायला लागते.
एन्कोडर. केबल काढली, कुलूप काढलं, स्विच वर.
टिक.
पुन्हा खाली, पुन्हा कुलूप, पुन्हा पाच मिनिटं.
बाहेरचे रिले. टिक.
ब्रेकची कॉइल, जिच्यावर मी पैज लावली असती.
टिक.
कीपॅड उगाचच काढला, उगाचच लावला.

मिरजेची मावशी अशीच नावं घ्यायची,
सासरची, माहेरची, गेलेल्यांचीसुद्धा,
एक सोडून.
ते ती मनात घ्यायची.
उचकी थांबायची, आणि आम्ही पोरं
एकमेकांना कोपर मारायचो.

मी कुठलं घेतलं नाही?

वर बघते.
तळहाताएवढा पंखा, अगदी छताशी.
पहिल्या दिवसापासून फिरणारा,
म्हणून तो माझ्या यादीतच नव्हता.
पात्यांवर कागदाची धूळ, पिंजलेल्या कापसासारखी.
बोटानं ढकलला. हलत नाही.
लाल तार, काळी तार, मध्ये मीटर:
जवळजवळ शून्य ओहम.
अडकून पडला होता, जळून गेला होता,
आणि तरी मागत होता.

प्लग काढला. कुलूप काढलं. स्विच.

एन्टविसल चहा प्यायचा थांबतो.
दिवा लागतो, आणि लागलेलाच राहतो.
कीपॅडवर उमटतं: तयार.

पंख्याविना वीस मिनिटांत तापून पुन्हा ट्रिप होईल,
हे त्यालाही ठाऊक आहे. तो न बोलता जिना चढतो
आणि अकाउंट्समधून लोरेनचा टेबलफॅन घेऊन येतो,
जाळीला गुलाबी रिबन बांधलेला.
दार उघडं, समोर लाल-पांढरी पट्टी,
रिबन फडफडायला लागते.
वेलीला तांबडा लागतो. मधलं वीतभर कापून टाकावं लागेल.

वहीत मी लिहिते: चार पन्नास. आतला पंखा जाम, शॉर्ट.
नवा मागवलाय. तोवर दार उघडं.
एन्टविसल पेन मागून घेतो, खाली लिहितो:
लोरेनचा फॅन आम्ही नेलाय.
आठ वाजता ती आठवण काढेल.